गर्भाशयाबाहेरचा गर्भ : एका विद्येचा इतिहास

पेरलेले बी रुजले की नाही हे पाहण्यासाठी लहान मूल रोज माती उकरते आणि घरातील वडीलधारी माणसे त्याला रागावतात. कारण उकरलेले बी मरते. वाचकहो, सस्तन प्राण्यांच्या गर्भाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची अडचण फार काळ अशीच होती. गर्भ पाहायचा तर त्याला आईच्या उदरातून बाहेर काढावे लागे, आणि बाहेर काढताच तो मरे. मेलेल्या गर्भावरून त्या दिवशी काय होते एवढे कळे, परंतु ते कसे घडत गेले हे कळत नसे. गर्भाला बाहेर काढूनही जिवंत ठेवायचे, त्याची वाढ चालू ठेवायची आणि ती डोळ्यांनी पाहायची, ही विद्या माणसाने गेल्या सुमारे शंभर वर्षांत हस्तगत केली. तिला गर्भसंवर्धन म्हणतात. या विद्येच्या इतिहासात केंब्रिज आणि एडिंबरो येतात, तसेच आपले पुणे आणि आपल्या मुंबईचे परळही येते. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

अंड्यातील खिडकी

प्रारंभ कोंबडीच्या अंड्यापासून झाला, हे स्वाभाविकच होते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने उबवणीस ठेवलेली अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून आतील पिलाची वाढ पाहिली. हृदयाचा तो लाल, हलणारा ठिपका त्याने नोंदवून ठेवला. त्याचे प्राणिविषयक ग्रंथ पुढे अरबीत उतरले, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी मायकेल स्कॉट याने ते अरबीतूनच लॅटिनमध्ये नेले. एका भाषेतील ज्ञान दुसरीने जपावे आणि तिसरीच्या हाती द्यावे, हा विद्येच्या इतिहासातील जुना शिरस्ता आहे.

अंड्याचे कवच दूर करून पाहता येते; आईचे उदर तसे नाही. सस्तन प्राण्यांना बीजांड असते हेच मुळी १८२७ मध्ये फोन बेअर यांनी कुत्रीच्या बीजांडकोशात ते पाहिले तेव्हा निश्चित झाले. त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी, १८९० मध्ये, इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी एक धाडसी प्रयोग केला. अंगोरा जातीच्या सशिणीच्या नलिकेतून दोन कोवळे गर्भ काढून त्यांनी ते बेल्जियन जातीच्या सशिणीत सोडले. तिला सहा पिले झाली; त्यांपैकी दोन अंगोरा होती. गर्भ क्षणभर आईपासून वेगळा होऊनही जगू शकतो, हे त्या दोन पिलांनी सिद्ध केले. हेच हीप पुढे भारतात येऊन येथील वानर-माकडांच्या प्रजोत्पादनाचा अभ्यास करून गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही.

मात्र क्षणभर वेगळे राहणे निराळे आणि बाहेर वाढणे निराळे. १९१२ च्या सुमारास बेल्जियमचे ब्राशे यांनी सशाचे गर्भ रक्तद्रवात ठेवून काही काळ वाढविले. १९२९ मध्ये अमेरिकेत लुईस आणि ग्रेगरी यांनी सशाच्या बीजांडाचे विभाजन चलच्चित्रात टिपले. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होताना माणसाने पडद्यावर पाहिल्या. १९३३ मध्ये वॉडिंग्टन आणि वॉटरमन यांनी सशाचे थोडे पुढच्या अवस्थेतील गर्भ काचपात्रात वाढविण्याचा यत्न केला. कोंबडीच्या गर्भात जे नियम दिसतात ते सस्तन प्राण्यातही लागू आहेत काय, हे वॉडिंग्टन यांना पाहायचे होते. गर्भातील एक भाग शेजारच्या पेशींना ‘तुम्ही अमुक व्हा’ अशी प्रेरणा देतो, हे बेडकाच्या वर्गातील प्राण्यांत जर्मनीमध्ये स्पेमान यांनी दाखविले होते. तशी प्रेरणा उष्ण रक्ताच्या प्राण्यांतही असते, असे वॉडिंग्टन यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

पुण्याची शाखा

या वॉडिंग्टन यांचे बालपण काही वर्षे दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यात गेले होते. पुढे ते एडिंबरो येथे प्राणी-आनुवंशिकीच्या संस्थेत प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या त्या संस्थेत पुण्याच्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी संशोधन केले. कोंबडीच्या गर्भात प्रथम एक रेषा उमटते, तिला आदिरेषा म्हणतात. या रेषेच्या बाजूचे भाग इतर पेशींना प्रेरणा देऊ शकतात काय, या विषयावरील त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये ट्रिपॅन ब्लू या रंगाचा काचपात्रातील गर्भावर काय परिणाम होतो यावरील त्यांचा निबंध आला. हा रंग गाभण उंदरीला टोचला असता पिलांत व्यंगे निर्माण होतात, हे आधी ठाऊक झाले होते. पण ती व्यंगे रंगाने गर्भावर थेट घडविली की आईच्या प्रकृतीत बिघाड करून, हे उंदरीकडे पाहून सांगता येत नव्हते. काचपात्रात आईच नसते. तेथे असा प्रश्न निदान विचारता येतो. गर्भसंवर्धनाचे सगळे मोल या एका वाक्यात आहे.

पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मुल्हेरकर बाईंनी हीच परंपरा रुजविली. तेथील पद्धत मूळ डेनिस न्यू या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दिलेली. ती ऐकायला सोपी आहे. सुमारे अठरा-वीस तास उबविलेले अंडे मिठाच्या विशिष्ट द्रावणात फोडायचे. बलकावरचे पातळ पटल गर्भासह अलगद सोडवायचे, घड्याळाच्या काचेसारख्या खोलगट काचेवर ठेवायचे आणि काचेच्या एका कड्यावर ढोलकीच्या कातड्यासारखे ताणून बसवायचे. खाली त्याच अंड्याचा पातळ पांढरा बलक घालायचा आणि झाकून उबवणयंत्रात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तो इवलेसे हृदय ठकठक करीत असते. यासाठी लागणारे साहित्य आपल्याकडील कोणत्याही महाविद्यालयाला परवडण्याजोगे. महाग असतो तो हाताचा हलकेपणा. पटलाला एक सुरकुती पडली की प्रयोग वाया. पेशींच्या रचनाकार्यात गंधकयुक्त रासायनिक गटांचा वाटा काय, असे प्रश्न घेऊन या विभागातून साठीच्या दशकात निबंध निघाले आणि ते परदेशातील मान्यवर नियतकालिकांत छापले गेले. देशातील विकसन-जीवशास्त्रज्ञांना एकत्र आणण्यातही बाईंचा पुढाकार होता.

कोंबडी सस्तन प्राणी नाही, हे खरेच. पण ज्या हातांनी कोंबडीचा गर्भ जिवंत राखला त्याच शिस्तीतून पुढे उंदराचा गर्भ राखला गेला. स्वतः डेनिस न्यू यांनीच तो प्रवास केला. त्याकडे वळण्यापूर्वी गर्भाच्या अगदी पहिल्या चार दिवसांकडे पाहिले पाहिजे. कारण तेथला प्रश्न अन्नाचा होता.

काय खाऊ घालावे?

घरात तान्हे मूल आले की ‘त्याला काय द्यावे’ यावर दहा जणांची दहा मते असतात. शास्त्रज्ञांचेही तसेच झाले. १९४९ मध्ये हॅमंड यांनी आठ पेशींचा उंदराचा गर्भ अंड्याचा बलक मिसळलेल्या क्षारद्रावणात वाढवून दाखविला. तो पुढे पोकळ चेंडूच्या अवस्थेला गेला. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिटन यांनी अंड्याच्या जागी मोजूनमापून तयार केलेले द्रावण वापरले. त्यात क्षार, ग्लुकोज आणि गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन होते. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये ॲन मॅकलॅरन आणि जॉन बिगर्स यांनी काचेत वाढविलेले असे गर्भ मादीच्या गर्भाशयात सोडले, आणि सर्वसाधारण उंदरांसारखीच पिले जन्माला आली.

पण आठ पेशींचा गर्भ वाढे आणि दोन पेशींचा मात्र अडून बसे. कारण पुढे उमगले. इतका कोवळा गर्भ ग्लुकोजवर जगूच शकत नाही. त्याला लॅक्टेट आणि पायरुवेट ही साधी द्रव्ये लागतात. एकाच जिवाची आज आणि परवाची भूक निराळी असते, हा यातील धडा. साठीच्या दशकात हे स्पष्ट झाले, आणि माणसाच्या गर्भासाठी पुढे जी द्रावणे बनली ती याच पायावर. आजही टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळांसाठी बनविलेले द्रावण वापरण्यास योग्य आहे की नाही, हे पुष्कळदा उंदराचे गर्भ त्यात वाढवूनच तपासतात.

फिरत्या बाटल्या

यानंतरचा टप्पा अधिक कठीण. गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजतो आणि मग अवयव घडू लागतात. माणसात हृदय सुमारे बाविसाव्या दिवशी हलू लागते. जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती चेतानलिका अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे तोपर्यंत कळलेलेही नसते. जन्मजात व्यंगांपैकी कितीतरी याच काळात उद्भवतात, आणि नेमका हाच काळ सर्वांत अधिक झाकलेला.

डेनिस न्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ व सत्तरच्या दशकांत केंब्रिज येथे या काळावरचा पडदा दूर केला. त्यांनी मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, साडेनऊ दिवसांचा गर्भ निवडला. गर्भाशयाच्या भिंतीचे वेष्टन सोलून, बाहेरचे एक पटल सुईसारख्या चिमट्याने उघडून, बलक-पिशवी मात्र शाबूत ठेवून तो रॅटच्याच रक्ताच्या सीरममध्ये सोडला. स्थिर काचेत गर्भ नीट वाढेना. म्हणून त्यांनी बाटल्या सदतीस-अडतीस अंश उष्णतेत सावकाश फिरत्या ठेवल्या. द्रव हलता राहिला आणि प्राणवायू सर्वत्र पोहोचू लागला. त्या प्राणवायूचेही माप होते. आरंभी शेकडा पाच भाग पुरे, आणि गर्भ वाढेल तसे ते प्रमाण वाढवीत न्यावे लागे. सीरमबद्दलही एक बारकावा निघाला. रक्त गोठण्यापूर्वीच यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या तर मिळणारे सीरम गर्भाला अधिक मानवते. रक्त काढल्यानंतरच्या काही मिनिटांच्या हयगयीने गर्भाचे हृदय बिघडावे, इतके हे काम नाजूक.

या पद्धतीने अठ्ठेचाळीस तासांत जे दिसते ते पाहून अनुभवी माणूसही थक्क होतो. चपट्या चकतीसारखा गर्भ वळतो, चेतानलिका मिटते, हृदय चालू होते, बलक-पिशवीवर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते, हातांचे कोंब फुटतात. ही वाढ आईच्या उदरातील वाढीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यापुढे मात्र वाट अडते. कारण पुढील पोषण वारेतून व्हायचे असते, आणि काचपात्रात वार आपले काम करू शकत नाही.

याचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. थॅलिडोमाइड या औषधाची कथा आठवा. १९५७ पासून ते बाजारात आले, गरोदर स्त्रियांना मळमळीवर दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेईपर्यंत जगभर सुमारे दहा हजार मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. एखादे द्रव्य गर्भाला बाधते काय, हे आधी पडताळण्याची गरज त्या मुलांनी जगाला शिकविली. थॅलिडोमाइडने सशांत व्यंगे होतात, पण उंदरांत सहसा होत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. एका प्राण्याची ग्वाही सर्वांना पुरत नाही. त्यामुळे काचपात्रातील गर्भ हा एक साक्षीदार. निकाल सर्व साक्षी ऐकूनच द्यावयाचा असतो.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरांतले आहे. मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांत व्यंगांचे प्रमाण अधिक असते, हे वैद्यांना पूर्वीच ठाऊक होते. पण दोष साखरेचा की आजारातील इतर बिघाडांचा? १९७७ मध्ये कॉकरॉफ्ट आणि कोपोला यांनी रॅटचे गर्भ काचपात्रात वाढविताना सीरममध्ये फक्त ग्लुकोज वाढविले, आणि गर्भांत व्यंगे दिसली. आईचा दुसरा कोणताही आजार तेथे नव्हता. गरोदरपणाच्या आधीपासूनच रक्तातील साखर ताब्यात ठेवा, हा आजचा वैद्यकीय सल्ला ज्या पुराव्यांवर उभा आहे त्यांत असल्या प्रयोगांचाही वाटा आहे. आपल्या समाजात मधुमेह किती फैलावला आहे हे पाहता, ही गोष्ट प्रत्येक सासू-सुनेने जाणून घेण्यासारखी आहे.

कलकत्ता आणि परळ

आता या इतिहासातील असे एक प्रकरण, की ज्यात विज्ञानाइतकीच माणुसकीचीही कसोटी लागली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्या प्रयत्नांनी जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी व सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसह स्त्रीबीजाचे काचपात्रात फलन करून, आठ पेशींचा गर्भ गोठवून, ५३ दिवसांनी तो मातेच्या गर्भाशयात ठेवल्याचे जाहीर केले. उंदराचा गर्भ गोठवून जिवंत राखण्यात १९७२ मध्येच कोठे यश आले होते. गोठविलेल्या मानवी गर्भापासून जन्म झाल्याचे ऑस्ट्रेलियातील वृत्त १९८४ चे. मुखोपाध्याय किती पुढे होते याची यावरून कल्पना यावी.

पण त्यांच्या कामाचा छापील पुरावा म्हणजे शीतकरणविषयक एका भारतीय नियतकालिकातील त्रोटक टिपण. राज्य सरकारने नेमलेल्या समितीला त्यांचे म्हणणे विश्वसनीय वाटले नाही. जपानमधून आलेल्या निमंत्रणाला जाण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपले जीवन संपविले.

इकडे मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था १९७० पासून काम करीत होती, आणि के. ई. एम. रुग्णालय तिच्या अगदी जवळ. संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी सहकाऱ्यांसह हा प्रयोग पायरीपायरीने उभारला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. मध्ये मुलगी जन्मली. काम कसे केले हे त्यांनी नोंदवून प्रसिद्ध केले आणि देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. त्या महापालिकेच्या रुग्णालयात गोरगरिबांच्या रांगेशेजारीच हे घडले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटला तर नवल नाही.

येथे गोष्ट संपली असती. परंतु १९९७ मध्ये आनंदकुमार एका परिषदेसाठी कलकत्त्यास गेले असता मुखोपाध्याय यांचे कागद त्यांच्या हाती पडले. हस्तलिखित टिपणे त्यांनी बारकाईने वाचली, सहकारी सुनीत मुखर्जी यांच्याशी चर्चा केली, आणि त्यांची खात्री पटली. मग त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लिहिले की, भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्यायच होत. ज्याच्या नावावर पहिला मान लागलेला, त्यानेच तो उतरवून दिवंगताच्या नावावर चढविला. वाचकहो, शोध लावणारे पुष्कळ आढळतात. असा मान आपल्या हाताने परत करणारे विरळा.

पुढची वाट

काचपात्रातील काळ अजूनही लांबत आहे. २०२१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत याकोब हन्ना यांच्या गटाने साडेपाच दिवसांचे उंदराचे गर्भ गर्भाशयाबाहेर अकराव्या दिवसापर्यंत वाढविले. उंदराचे गर्भारपण अवघे वीस दिवसांचे असते. वापरल्या त्या फिरत्या बाटल्याच, फक्त वायूचा दाब आणि प्राणवायू यांवर अधिक काटेकोर ताबा. म्हणजे न्यू यांच्या कल्पनेला आता अर्धशतक उलटले, तरी ती जुनी झालेली नाही. मानवी गर्भाच्या बाबतीत मात्र १९८४ मध्ये इंग्लंडच्या वॉर्नॉक समितीने १४ दिवसांची मर्यादा सुचविली, आणि आपल्या देशाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती आहे. ही मर्यादा वाढवावी काय, याविषयी जगात वाद चालू आहे. तो वाद केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. धर्म, कायदा आणि नीती जाणणाऱ्या सुशिक्षितांनाही त्यात भाग घ्यावा लागेल, आणि त्यासाठी विषय नीट समजलेला असला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, या इतिहासातून घेण्यासारखे ते एवढेच. ज्यांची नावे वर आली त्यांनी बहुतेक काळ सीरम गाळण्यात, काचा उकळण्यात, उष्णतामापक पाहण्यात आणि वहीत आकडे उतरविण्यात घालविला. आपल्या हातून घडलेले दुसऱ्याच्या हातूनही घडले, म्हणजे त्याला ज्ञान म्हणावे. आणि तसे घडावे म्हणून वही नेटकी हवी, तारीख हवी, फसलेला प्रयोगही लिहिलेला हवा. मुखोपाध्याय यांना जिवंतपणी न्याय मिळाला नाही. निधनानंतर मिळाला तो त्यांनी लिहून ठेवलेल्या कागदांमुळे, आणि ते कागद मोकळ्या मनाने वाचणारा एक प्रामाणिक वाचक भेटला म्हणून. आपल्या शाळेतील प्रयोगवही पुढच्या वेळी उघडाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. ती वही गुणांसाठी तर आहेच. पण आपल्यामागून येणाऱ्या, आपण कधी न पाहिलेल्या कोणा वाचकासाठीही ती आहे.